वाघमारे साहेबांचा फोन एंगेज आहे

माझे सासरे हृदयविकाराने गेले. जलदान विधीच्या दिवशी घरात माणूस मावत नव्हतं. सतरंजीवर दाटीवाटी, बायका पदराने डोळे पुसताहेत, आणि त्या गर्दीतून वाट काढत शेजारचे वाघमारे साहेब माझ्याजवळ आले. मला वाटलं, धीराचे दोन शब्द बोलतील. ते खाली वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"कालच इंटरनेटवर वाचलं," ते म्हणाले. "माणसालाही असती तर एक बंद पडल्यावर दोन राहिली असती. अण्णा आज इथं बसले असते."

गंमत म्हणजे हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. हसावं की रडावं हे कळेना, म्हणून मी "चहा घेतला का?" असं विचारून वेळ मारून नेली. या माणसावर रागावणं म्हणजे आपला वेळ फुकट घालवणं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी तो पुष्कळ घालवला, ती गोष्ट वेगळी.

आमची साखर कारखान्याची वसाहत कोपरगावपासून जरा आत, गोदावरीच्या अंगाला. चारी बाजूंनी ऊस. हंगामात मळीचा वास असा सुटतो की बाहेरगावचा पाहुणा आधी नाकाला रुमाल लावतो आणि मग नमस्कार करतो. वाघमारे या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. दिवसभर उसाच्या रसाच्या बाटल्या हलवायच्या आणि साखरेचा उतारा किती पडतो ते काढायचं. मी वसाहतीतल्याच शाळेत शिक्षिका. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि तीही ठेकेदाराने फार मनावर घेऊन बांधलेली नव्हती. त्यामुळे वाघमारे साहेबांबद्दल मला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं मी न विचारता मला कळलेलं आहे.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फ्रीज हवा होता. दारात टेम्पो थांबून मोठाली खोकी उतरायला लागली तेव्हा वहिनींनी फ्रीज आला म्हणून आम्हा सगळ्या शेजारणींना हाका मारून गोळा केलं. खोक्यातून टीव्हीसारखं काहीतरी निघालं. त्यावर सिनेमा दिसतो का, असं कुणीतरी विचारलं. "नाही," साहेब अभिमानाने म्हणाले. वहिनी आत निघून गेल्या आणि दोन दिवस त्यांनी साहेबांना गार पाणी म्हणून माठातलंच, पण मुद्दाम आपटून दिलं.

पुढे त्यात इंटरनेट आलं. ते आलं फोनच्या तारेतून, आणि तिथेच आमच्या सगळ्यांच्या कटकटीला सुरुवात झाली. कारण आमच्या रांगेत फोन फक्त वाघमाऱ्यांकडे होता. सगळ्या घरांनी आपापल्या नातेवाइकांना तोच नंबर पी.पी. म्हणून दिलेला. म्हणजे फोन वाघमाऱ्यांचा, खुर्ची वाघमाऱ्यांची, चहाही बहुतेक वेळा वाघमाऱ्यांचा, आणि बोलणारे आपण. साहेबांनी इंटरनेट लावलं की हा फोन एंगेज. कुणाची बहीण बाळंत झाली, कुणाची बदली झाली, पण नंबर फिरवावा तर एंगेज. बातमी पोचायची ती पोस्टकार्डाने, तोवर बाळाचं बारसं झालेलं असायचं.

इंटरनेट लावणं हाही एक सोहळा होता. आधी कीं कीं, मग खर्रखर्र, मग पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज. साहेब डोळे मिटून ऐकत बसायचे. एकदा "लागलं!" म्हणाले की घराला हुकूम सुटायचा: "डाउनलोड चालूय! फोनला कुणी हात लावू नका!" वहिनींच्या हातात एकच हत्यार होतं. स्वयंपाकघरात त्याच लाइनचा दुसरा फोन होता. नवरा जेवायला उठत नाही असं दिसलं की त्या शांतपणे तो उचलायच्या. की आतून आरोळी यायची, "कुणी उचलला? अहो, आलंच होतं जवळजवळ!" आणि वहिनी म्हणायच्या, "ताट वाढलंय. ते बी आलंय जवळजवळ."

आता एवढा वेळ हा माणूस करतो काय, असं तुम्ही विचाराल. तो वाटप करतो. इंटरनेटवर त्यांना त्यांच्यासारखेच देशोदेशीचे रिकामटेकडे भेटले होते. कुणी कॅनडातला निवृत्त पोस्टमन, कुणी ऑस्ट्रेलियातली शाळामास्तरीण. एकमेकांना चमत्कारिक प्रोग्रॅम पाठवायचे आणि विज्ञानातल्या नवलाच्या बातम्या कळवायच्या, हा त्यांचा उद्योग. आलेलं सगळं चाळून, निवडून साहेब दर रविवारी सकाळी "मंडळी, नमस्कार!" अशी सुरुवात करून ई-मेल पाठवत. इंग्रजी अक्षरांत मराठी. मंडळी म्हणजे शिर्डीतला एक हॉटेलवाला, शेजारच्या कारखान्यातला एक इंजिनियर, नगरचा एक दातांचा डॉक्टर आणि पुण्याचा भाचा. ई-मेल असलेलं माणूस तेव्हा तालुक्यात शोधूनही सापडत नव्हतं. बाकी आम्हा मागासलेल्यांना साहेब हाच माल तोंडी पोचवत. दुधाच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, कारखान्याच्या गेटवर. "हे ऐकलंय का?" असं विचारायचे. तुम्ही "हो" म्हणालात तरी सांगायचे.

एकदा त्यांनी असा प्रोग्रॅम आणला की आपलं वजन घातलं की कुठल्या ग्रहावर ते किती भरेल हे तो सांगतो. झालं. वसाहतीतल्या प्रत्येकाला धरून आणून त्यांनी तो दाखवला. गुरू ग्रहावर माझं वजन किती भरतं तो आकडा मी इथे लिहिणार नाही. वहिनी मात्र चंद्रावर रांगत्या पोरीएवढ्या भरल्या आणि कॉम्प्युटर घरात आल्यापासून पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसल्या.

पण खरा गाजला तो मुंग्यांचा प्रोग्रॅम. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघते, सगळीकडे हिंडते, आणि एखादा आकडा उचलून नेल्यासारखं करते. हा साहेबांनी कौतुकाने फ्लॉपीत घालून कारखान्याच्या अकौंट खात्याला नेऊन दिला. कुणाला सांगायचं मात्र राहिलं. दुसऱ्या दिवशी संचालकांची मीटिंग. निकम अकौंटंट हिशेब काढायला बसले तर पडद्यावर मुंग्या. आता दुसऱ्या कुठल्या कचेरीत माणूस दचकला असता. पण हा साखर कारखाना. इथे मुंगी कुठे नसते? निकमांना त्यात काही नवल वाटलंच नाही. त्यांनी शिपायाला झापलं, "कॉम्प्युटरवर पेढे कुणी ठेवले होते?" मग पडदा ओल्या फडक्याने पुसून घेतला. मुंग्या आहेतच. मग मुंग्यांचा खडू आणून कॉम्प्युटरभोवती रेघ ओढली. मुंग्या आहेतच. शेवटी घरी साखरेच्या डब्याला करतात तो उपाय केला. टेबलाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवले. एमडी साहेब आले तेव्हा निकम त्या पाण्यात पाय पडू नये म्हणून खुर्ची लांब ठेवून, हात ताणून हिशेब टाइप करत होते.

वाघमाऱ्यांना मेमो मिळाला. त्यांनी तो रविवारच्या ई-मेलमधून मंडळींना कळवला, आणि इंग्रजीत परदेशातल्या दोस्तांनाही. कॅनडाच्या पोस्टमनला म्हणे हसता हसता ठसका लागला.

हे सगळं लोक चालवून घेत, पण ऐकून कुणी घेत नव्हतं. साहेब लांबून येताना दिसले की दुधाची रांग पांगायची. न्हावी तर त्यांच्या तोंडालाच आधी साबण लावायचा. वहिनी म्हणायच्या, "ह्यास्नी येकदा मंगळावर सोडून या. तितं सांगा म्हनावं काय सांगायचं ते." ऐकणारी एकच होती, ती त्यांची मुलगी सुजाता. बी.एस्सी. झालेली, घरी शिकवण्या घ्यायची. बापासारखीच उंच आणि सावळी, पण बोलणं मोजकं. सकाळच्या चहाला बापलेक बसायचे. भिंतीपलीकडून मला शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल कळायची. बराच वेळ साहेबांचा आवाज, मधेच सुजाताचं "मग?" आणि पुन्हा साहेबांचा आवाज. माझा कुकर त्या "मग?"वर चढायचा आणि तिसऱ्या-चौथ्या "मग?"ला उतरायचा.

तर या सुजाताचं लग्न जमवायचं वहिनींनी माझ्या गळ्यात घातलं. माझा गोतावळा मोठा, लोकांच्या घरी येणं-जाणंही खूप. मी आनंदाने पत्करलं. मला काय माहीत, मुलापेक्षा मुलीचा बापच अवघड निघेल म्हणून!

पहिलं स्थळ श्रीरामपूरचं. मुलगा बँकेत. दिसायला बरा, माणसं सभ्य. साहेबांनी नाही म्हटलं. का? तर मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात हे ते सांगत असताना मुलाने घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "साहेब, त्याची साडेचारची गाडी होती." ते म्हणाले, "पुढची साडेपाचला असते."

दुसरं स्थळ नाशिकचं. इंजिनियर. त्याने घड्याळ बघितलं नाही, मधमाश्या पूर्ण ऐकल्या. तरी साहेबांचं नाही. का? "नाशिकला डास फार आहेत." हे गोदाकाठच्या उसात राहणारा माणूस म्हणतो! आमच्या इथले डास नाशिकच्या डासांना पाणी भरायला लावतील. मी त्या दिवशी घरी येऊन एवढी भांडी आपटली की साहेबांनी भिंतीवर टकटक करून विचारलं, "बाई, भूकंप होता का?"

तिसरं स्थळ मी आणलं पाथर्डीकडचं. मुलगा आनंद, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वडिलांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी उमेदीची वर्षं ऊसतोडीत घालवलेली, त्यातले दोन-तीन हंगाम तर आमच्याच कारखान्यावर. पांढरं धोतर, मोठा आवाज, आणि समोरच्याला परकं वाटू द्यायचं नाही असा स्वभाव. ते घरात आले तेच म्हणाले, "साहेब, तुमच्या ह्या वसाहतीपल्याड आमची खोपटी हुती. तवा हितनं नुसता भोंगा ऐकू यायचा."

पोहे झाले. मुलगा-मुलगी अंगणात जरा बोलली. साहेबांनी अर्थातच कॉम्प्युटर सुरू केला. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी तात्यांना वजनाचा प्रोग्रॅम दाखवला. तात्या गंभीर होऊन बघत होते. मग म्हणाले, "चंद्रावर मानूस हलका हुतो म्हना. आन् उसाची मोळी? ती किती भरंल तितं?"

"सहावा हिस्सा," साहेब म्हणाले.

"येक सहांश!" तात्यांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. "मंग साहेब, ऊस तितंच लावा की. लई बायाबापड्यांच्या माना वाचतील."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी तात्यांना बुध, शुक्र, मंगळ, शनी सगळीकडे मोळी वाहायला लावली. अंगणातून सुजाता आत आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी ओळखलं. मी विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाई, मला आवडलाय." या मुलीच्या तोंडून एवढं वाक्य म्हणजे पुष्कळच झालं.

निघताना तात्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मुलाच्या आजीला आणि चुलत्यांना विचारून ते येत्या रविवारी दुपारच्या आत फोन करतील. गावात फोन नाही, म्हणून एसटीने पाथर्डीला येऊन बूथवरून करतील. "तुमचं बी मन तवाच सांगा. आन् साहेब, लपवत न्हाई, नेवाशाकडची येक पोरगी बगायचं आमच्या म्हातारीनं कबूल करून ठिवलंय. रविवारी सांजचं जायाचं हाय. तुमचा होकार आला तर त्यांस्नी न्हाई म्हनून कळवतो. न्हाई आला तर जावं लागंल."

साहेब म्हणाले, "या फोनवर केव्हाही करा." मला तेव्हाच धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती.

रविवार उजाडला. हंगाम संपलेला, उन्हाळा कडक. वाघमाऱ्यांच्या घरात माणसं जागी होती पण आवाज नव्हता. मी सकाळपासून दाराशी कान देऊन. फोनची घंटा वाजेल, वहिनींची हाक येईल, मी साखर घेऊन धावेन, असं सगळं मनात ठरलेलं. नऊ झाले, दहा झाले, अकरा वाजून गेले. घंटा नाही. मी पेपरने वारा घेत अंगणात येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात कारखान्याच्या गेटवरचा पहारेकरी सायकल मारत आला.

"बाई, पाथर्डीच्या पावन्यांचा गेटवर फोन आल्ता. नंबर शोधून काढला त्यांनी कुटनं तरी. म्हनत्यात, साहेबांचा फोन सकाळधरनं एंगेज लागतोय. आजून येकदोनदा लावून बगतो, न्हाई तर येकच्या गाडीनं माघारी जातो. तुमच्या मनात न्हाई असं समजतो, म्हनले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलीच्या लग्नाचा फोन यायचा, आणि हा माणूस डाउनलोड करत बसलाय! मी पायात चपला न घालता वाघमाऱ्यांच्या घरात शिरले. वहिनी स्वयंपाकघरात पदराने वारा घेत बसल्या होत्या.

"साहेब कुठायत?"

"आत. सकाळधरनं डाउनलोड चाललंय म्हनं. फोनला हात लावू नका म्हनले."

"आणि तुम्ही आज उचलला नाहीत तो?"

"आवं, आजच्या दिशी कशाला त्यांच्या तोंडी लागायचं? उगा चिडलं न् पावन्यांम्होरं काही बोललं म्हंजी? म्या म्हनलं, हुईल बंद मंग." त्यांनी कपाळ पुसलं. "लाईट बी मेली सकाळी सातलाच गेलीय. जीव नकोसा झालाय."

मी दारात थबकले. लाईट सकाळपासून गेलीय. म्हणून तर मी पेपरने वारा घेत होते. म्हणून तर वहिनींचा पदर हलत होता.

"वहिनी, लाईट नाही तर कॉम्प्युटर कसा चाललाय?"

"मला काय कळतंय त्यातलं? ती खाली जड पेटी ठिवलीय, तिच्यावर चालत असंल."

ती बॅटरीची पेटी दहा मिनिटांवर चालत नाही, हे साहेबांनीच मला कितीदा सांगितलेलं. मी आतल्या खोलीचं दार लोटलं.

साहेब खुर्चीत बसले होते. कॉम्प्युटरचा पडदा काळा. टेबलावर फोनचा रिसीव्हर काढून आडवा ठेवलेला, आणि त्यातला आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्यावर घडी केलेला टॉवेल.

"साहेब," मी म्हटलं, "लाईट नाहीये."

"माहीत आहे."

"मग डाउनलोड कशावर चाललंय?"

त्यांनी टॉवेलवर हात ठेवला. मग काळ्या पडद्याकडेच बघत म्हणाले, "बाई, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो."

"साहेब, आत्ता नको हो!"

"नाही, ऐका तर. तिथं आजचा रविवार लवकर संपलाच नसता."

मी भडकलेच. "पोरीच्या लग्नाचा खेळ मांडलाय तुम्ही! तात्या त्या बूथवर उन्हात उभे आहेत. एकच्या गाडीने परत जातील, संध्याकाळी दुसरी मुलगी बघतील. मुलगा पसंत नव्हता तर तोंडाने सांगायचं!"

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "तात्या तर फारच चांगले. माझी काही हरकत नाही. रात्री हिलाही तसंच सांगून झोपलो. सकाळी उठलो, आज सुजाताला काय सांगायचं याचा विचार करत बसलो. आणि एकदम मनात आलं, पाऊस सुरू होईतो लग्न होऊन ती गेलेली असेल, मग सकाळी कुणाला सांगायचं?"

"तुमची मंडळी आहे की जगभर. कॅनडा आहे, ऑस्ट्रेलिया आहे."

"ते पाठवतात, बाई. मीही पाठवतो. सगळे नुसते पाठवतच असतात." त्यांनी टॉवेलची घडी उगाच सारखी केली. "'मग?' म्हणून विचारणारी एकच आहे. मी विचार केला, एक दिवस फोन लागला नाही तर काय होतं? तेवढाच एक दिवस."

मी भांडायला आले होते. तोंडात चांगली पाच-सहा धारदार वाक्यं तयार होती. पण ती तशीच राहिली. श्रीरामपूरचं घड्याळ आणि नाशिकचे डास माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मला मुलगी नाही. दोन मुलगेच. हे दुःख मला माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मी या माणसाची फक्त थट्टाच केली होती. मी तिथल्या स्टुलावर बसले.

मागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं, तर दारात सुजाता. हातात चहाचा कप.

"पप्पा," ती म्हणाली, "ठेवा आता."

साहेब चमकले. मीही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सकाळपासून. झाडायला आले तेव्हाच दिसलं."

"अगं मग ठेवायचा ना रिसीव्हर! तात्या गेले असते तर?"

तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "गेले असते तर गेले असते. पण तो पप्पांनीच ठेवायला पाहिजे ना, बाई."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टॉवेल बाजूला केला, रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला आणि जागेवर ठेवला. काचेचं काही ठेवावं इतक्या बेताने.

फोन काही लगेच वाजला नाही. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. वहिनीही येऊन दारात उभ्या राहिल्या. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. पाथर्डीच्या स्टँडवर एकची गाडी लागली असेल, तात्या खिडकीजवळची जागा धरून बसले असतील, असं सगळं मला दिसायला लागलं. तेवढ्यात घंटा खणखणली. साहेबांनी झडप घातली.

"हॅलो! हॅलो, तात्या?... कोण?... निकम हवेत? निकम नाहीत घरात! असतील, पण आत्ता बोलवता येणार नाही... अहो, लाइन अडवू नका, मुलीच्या लग्नाचा फोन यायचाय! ठेवा, ठेवा, ठेवा!"

लाइन अडवू नका, असं वाघमारे साहेबांनी दुसऱ्याला सांगितलेलं आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. सुजाता हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

रिसीव्हर ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा घंटा. या वेळी साहेबांनी हळूच उचलला. तात्यांचा आवाज खोलीभर ऐकू आला. त्यांना फोनची तशी गरज नव्हती.

"आवो साहेब! बोटं झिजली की नंबर फिरवून! आमचं समद्यांचं व्हय हाय. म्हातारी बी व्हय म्हनली. पर आमी म्हनलं, पावन्यांनी फोनच काढून ठिवला का काय!"

"काढूनच ठेवला होता," साहेब म्हणाले.

मी कपाळावर हात मारला.

"कामून?" तात्यांनी विचारलं.

"पोरगी द्यायची म्हटल्यावर हात होईना, तात्या."

पलीकडे कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. मग तात्या बोलले ते चक्क हळू आवाजात. फोनला कान लावल्याशिवाय ऐकू येऊ नये एवढ्या हळू. पण आम्ही सगळ्यांनी कान लावलेलेच होते. "आमी बी येक दिलीय, साहेब. तिच्या येळंला मी चार दिस मळ्यातच जाऊन बसलो हुतो. ऱ्हाऊ द्या. आता काय म्हनता?"

"होय म्हणतो. मुलीचंही होय आहे."

वहिनींनी मला मिठीच मारली. सुजाता भिंतीला टेकून उभी. आता रिसीव्हर ठेवतील असं वाटलं, पण साहेबांनी तो दुसऱ्या कानाला लावला.

"तात्या, एक सांगायचं होतं. तिला सकाळी चहाबरोबर कुणीतरी काहीतरी सांगावं लागतं. काहीही चालतं. तेवढं बघाल का?"

"आवो, त्याची नका काळजी करू!" तात्यांचा आवाज पुन्हा मूळ जागी आला. "आमच्या घरात सांगनारी लई हायती. म्हातारी सांगती, मी सांगतो, धाकला सांगतो, आन्या तर मास्तरच हाय. ऐकनारंच येक मानूस न्हाई!"

साहेब हसले. सुजाताने पुढे केलेला चहा त्यांनी एका हाताने घेतला.

"मग तुमचं भलं झालं, तात्या," ते म्हणाले. "आमची ऐकते."